अन्ननलिकेचा कर्करोग आणि क्लिनिकल ट्रायल: पहिल्या केमोच्या आधी विचारायचा प्रश्न

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या रुग्णासाठी क्लिनिकल ट्रायलची (म्हणजे औषध किंवा उपचारपद्धती रुग्णांवर तपासून पाहणाऱ्या अभ्यासाची) चौकशी करणारे फोन मला अधूनमधून येतात, कारण एका रुग्णालयातील ट्रायलना मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीत मी बिगरवैद्यकीय सदस्य आहे आणि ही गोष्ट ओळखीपाळखीत ठाऊक आहे. बहुतेक फोनची सुरुवात ठरलेली असते: ‘सगळे उपचार करून झाले, आता कुठे ट्रायल चालू असेल तर सांगा.’ ट्रायल म्हणजे काहीच उरले नाही की करून पाहायची गोष्ट, हा समज इतका पक्का आहे की निदान झाल्याच्या पहिल्या आठवड्यात हा विषय कुणाच्या डोक्यातच येत नाही. या आजारात तरी हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, असे माझे मत आहे आणि त्याची कारणे मांडण्यासाठी हा धागा काढत आहे.

कोणत्या रुग्णाला घ्यायचे आणि कोणाला नाही, याचे निकष प्रत्येक ट्रायलमध्ये आधीच लिहून ठेवलेले असतात. ज्यांचा आजार शस्त्रक्रियेने काढता येण्याजोगा आहे त्यांच्यासाठीच्या ट्रायलमध्ये, आणि आजार पसरला असला तरी उपचार सुरू झालेले नाहीत अशांसाठीच्या ट्रायलमध्येही, ‘या आजारासाठी यापूर्वी केमो किंवा शेक (रेडिएशन) घेतलेले नसावेत’ ही अट बहुधा असतेच. म्हणजे घाईघाईने दिलेल्या केमोच्या एका सायकलनेही (फेरीनेही) रुग्ण अपात्र ठरू शकतो आणि मग पहिल्या उपचारांचा उपयोग न झालेल्यांसाठीच्या ट्रायलच तेवढ्या उरतात. घाई समजण्यासारखी असते, कारण घास अडकायला लागलेला माणूस डोळ्यांदेखत वाळत जातो आणि घरच्यांना काहीतरी सुरू झालेले हवे असते. तरीही तुकड्याचा (बायोप्सीचा) अहवाल, पेट स्कॅन आणि बाकीच्या तपासण्या होईपर्यंत थोडे दिवस जातातच, आणि डॉक्टरांना ‘यांच्यासाठी एखादी ट्रायल उपलब्ध आहे का?’ असे विचारण्याची वेळ तीच असते.

आज ज्याला आपण ‘नेहमीचे उपचार’ म्हणतो ते कोठून आले हे पाहिले तर ट्रायल या शब्दाची भीती थोडी कमी होते. शस्त्रक्रियेच्या आधी केमो आणि शेक एकत्र देण्याची जी पद्धत जगभर ‘क्रॉस’ या नावाने ओळखली जाते, ते मुळात नेदरलँड्समधील एका ट्रायलचे नाव आहे. २००४ ते २००८ या काळात तेथे रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडण्यात आले. एका गटाची थेट शस्त्रक्रिया झाली, तर दुसऱ्या गटाला आधी पाच आठवडे दर आठवड्याला कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल आणि सोबत एकूण ४१.४ ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) इतके शेक देऊन मग शस्त्रक्रिया झाली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटाचे मध्यक आयुर्मान (म्हणजे गटातील निम्मे रुग्ण जितका काळ हयात राहिले तो काळ) २४ महिने होते आणि दुसऱ्याचे ४९.४ महिने. दहा वर्षांनंतरही दुसऱ्या गटातील ३८ टक्के रुग्ण हयात होते, पहिल्यातील २५ टक्के. त्या वेळी सही करताना कोणत्या गटाचे भले होणार हे ना रुग्णांना माहीत होते ना डॉक्टरांना, आणि तसे माहीत असते तर ट्रायल करणे नैतिकच ठरले नसते.

ट्रायल म्हणजे नवे औषध, हाही अपुरा समज आहे. नेदरलँड्समध्येच झालेल्या ‘सानो’ या ट्रायलने उलट्या दिशेचा प्रश्न विचारला: केमो आणि शेक यांनंतर तपासणीत गाठीचा मागमूस उरला नसेल, तर अन्ननलिका काढून टाकण्याची ती मोठी शस्त्रक्रिया लगेच करायलाच हवी का? काही रुग्णांवर ठरल्याप्रमाणे शस्त्रक्रिया झाली, तर काहींना ठरावीक अंतराने दुर्बिणीची तपासणी, तुकडा आणि स्कॅन करत नजरेखाली ठेवले गेले आणि आजार पुन्हा दिसला तरच शस्त्रक्रिया झाली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण नजरेखाली ठेवलेल्यांमध्ये ७४ टक्के आणि शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये ७१ टक्के आढळले. दोन वर्षे हा काळ फार मोठा नाही आणि इतक्या काटेकोर तपासण्या सर्वत्र होतील याची खात्री नाही, त्यामुळे मी यावरून कुणाला शस्त्रक्रिया टाळायला सांगणार नाही. ‘कमी करून चालेल का’ हाही ट्रायलचा विषय असू शकतो, एवढे दाखवण्यासाठी हे उदाहरण दिले.

नाण्याची दुसरी बाजू सांगितली नाही तर हा धागा जाहिरात ठरेल. ब्रिटनमधील ‘स्कोप वन’ या ट्रायलमध्ये केमो आणि शेक यांच्या जोडीला सेटक्सिमॅब हे त्या काळी बरेच आशादायक वाटणारे औषध दिले गेले, आणि ते मिळालेल्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान २२.१ महिने, तर न मिळालेल्यांचे २५.४ महिने निघाले. त्याच देशातील ‘रिअल थ्री’ ट्रायलमध्ये पॅनिटुमुमॅब या औषधाची भर घातलेल्या गटाचे मध्यक आयुर्मान ८.८ महिने होते आणि केवळ केमो घेतलेल्यांचे ११.३ महिने. दोन्हींचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. नव्या औषधाच्या गटात चिठ्ठी निघाली म्हणून नशीब उघडले आणि दुसऱ्या गटात निघाली म्हणून फसवणूक झाली, असे मानणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

म्हणून ट्रायल सुचवली गेली तर नव्या औषधाची माहिती नंतर विचारा आणि आधी ‘दुसऱ्या गटाला काय मिळणार आहे?’ हे विचारा. दुसऱ्या गटाला आजचे सर्वोत्तम प्रचलित उपचार मिळणार असतील तर तुम्ही फार काही गमावत नाही. तसे नसेल तर का नाही, याचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत सही करू नये.

शंकासूर

माहिती चांगली आहे, परंतु मला यातील उत्साह खटकतो. आपल्याकडे ट्रायलच्या नावाखाली गरीब आणि अशिक्षित लोकांवर काय काय झाले हे विसरून कसे चालेल? २०१० मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमधील मुलींवरील लसीचा प्रकल्प थांबवावा लागला होता, पुढे स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेच्या ट्रायलमधील गैरप्रकारांबद्दलच्या याचिकेवरून सर्वोच्च न्यायालयाने सरकारची खरडपट्टी काढली होती. मोठ्या औषध कंपन्यांना भारतातील रुग्ण स्वस्तात मिळतात म्हणून त्या येथे येतात. घशाखाली पाणी उतरत नसलेल्या माणसासमोर तुम्ही वीस-पंचवीस पानांचा कागद ठेवता आणि त्याला स्वेच्छेने दिलेली संमती म्हणता, हे मला पटत नाही. शेवटी तो माणूस प्रयोगाचा उंदीरच नव्हे काय?

कृष्णाकाठ

शंकासूर, तुमचा राग अनाठायी नाही. ती याचिका आणि तिच्यामागची प्रकरणे नसती तर आज जे नियम आहेत ते आले नसते. मात्र त्या काळातील चित्र आजही जसेच्या तसे आहे असे धरून चाललो तर रुग्णाला आपले हक्कच कळणार नाहीत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सध्या मार्च २०१९ चे नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम लागू आहेत. नीतिसमितीत किमान सात सदस्य असावे लागतात, त्यांपैकी निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात, आणि त्यांत कायद्याचा जाणकार व माझ्यासारखा एक सामान्य माणूस असणे बंधनकारक आहे. ट्रायलमुळे सहभागीला इजा झाली तर तिच्यावरील उपचार मोफत द्यावे लागतात, आणि ट्रायलमुळे मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर वय व मूळ आजाराची तीव्रता विचारात घेणाऱ्या सूत्राने भरपाई ठरते, ज्यात आधारभूत रक्कम ८ लाख रुपये आहे. प्रचलित उपचार उपलब्ध असताना ते न देता प्लासिबो (औषधासारखे दिसणारे पण औषध नसलेले काही) दिल्यामुळे झालेले नुकसानही भरपाईस पात्र आहे. गंभीर दुष्परिणाम झाल्यास संशोधक डॉक्टरने तो २४ तासांच्या आत कळवावा लागतो. मूळ आजारच वाढल्यामुळे झालेला मृत्यू मात्र या भरपाईत येत नाही, आणि कर्करोगात नेमका वाद होतो तो याच ठिकाणी, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

कागदाबद्दल तुम्ही म्हणता ते खरे आहे. आमच्या समितीसमोर येणारी मराठी माहितीपत्रके वाचताना मी हातात पेन्सिल घेऊन बसतो आणि जे वाक्य मला दुसऱ्यांदा वाचावे लागते त्याखाली रेघ मारतो. काही पत्रके रेघांनी भरून जातात आणि ती परत पाठवावी लागतात. तरी कागद सोपा झाल्याने भीती कमी होत नाही. त्यावर माझ्याजवळ एकच व्यवहार्य उपाय आहे: पत्रक घरी न्यावे, कुटुंबातील शिकलेल्या माणसाने ते मोठ्याने वाचावे, फॅमिली डॉक्टरला दाखवावे आणि दुसऱ्या दिवशी प्रश्नांची यादी घेऊन जावे. ‘आत्ताच सही करा’ असे कोणी म्हटले तर ते कारण नकार द्यायला पुरेसे आहे. सही केल्यानंतरही कोणत्याही क्षणी, कारण न सांगता बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार नाकारता येत नाहीत. समितीच्या सचिवांचा दूरध्वनी क्रमांक त्या पत्रकावर छापलेला असतो, तो केवळ शोभेसाठी नसतो.

ओवी

माझ्या वडिलांच्या निमित्ताने या सगळ्यातून आम्ही गेलो आहोत, म्हणून लिहिते. बाबांना आधी भाकरी अडकू लागली. ती दुधात कुस्करून खाऊन त्यांनी बरेच दिवस कोणालाही कळू दिले नाही, नंतर भातही अडकू लागला आणि शेवटी पेजेवर आले तेव्हा आईने आरडाओरडा केला. जिल्ह्याच्या ठिकाणच्या ज्या रुग्णालयात निदान झाले तेथे दुसऱ्याच दिवशी केमो सुरू करण्याची तयारी होती, आणि ट्रायलचा विषय काढल्यावर ‘तुम्हाला वडिलांवर प्रयोग करून घ्यायचे आहेत का?’ असे आम्हालाच विचारण्यात आले. सुदैवाने माझा मावसभाऊ परिचारक आहे. त्याने हट्ट धरला की पहिली सायकल घेण्याआधी मोठ्या कर्करोग केंद्रात एकदा दाखवायचेच.

तेथे ट्रायलसाठी विचारणा झाली, परंतु खरी अडचण कागदाची किंवा संमतीची नव्हतीच, ती बाबांच्या वजनाची होती. निकषांमध्ये रुग्णाची हालचाल करण्याची क्षमता, हिमोग्लोबिन, मूत्रपिंड आणि यकृताचे रक्तातील आकडे असे सगळे असते, आणि जो माणूस महिनाभर पेजेवर आहे त्याचे हे आकडे घसरलेले असतात. त्यांनी आधी नाकातून पोटात अन्न देण्यासाठी नळी घातली. नाकात नळी म्हणजे माणूस संपला अशी आमच्या गावाकडची समजूत असल्याने बाबा दोन वेळा ती ओढून काढायला निघाले होते. आहारतज्ज्ञ बाईंनी आईला समोर बसवून नाचणीची पेज, दूध, अंडे आणि प्रथिनांची पूड मिक्सरमधून काढून पातळ कापडाने गाळून कशी द्यायची ते दाखवले, सिरिंजने किती सावकाश सोडायची आणि शेवटी नळीतून साधे पाणी का सोडायचे तेही समजावले. आईने घरी फळ्यावर वेळापत्रक लिहिले. पात्रतेच्या तपासणीची मुदत संपण्याआधी आकडे सुधारले म्हणून बाबांना ट्रायलमध्ये घेता आले. ज्या कुटुंबांना नळीबद्दल कोणी वेळेवर सांगत नाही त्यांचे रुग्ण या टप्प्यावरच गळत असणार, असे मला वाटते.

त्यांची चिठ्ठी प्रचलित उपचारांच्या गटात निघाली. भाऊ खूप निराश झाला आणि आपण एवढी धावपळ कशासाठी केली असे म्हणू लागला. प्रत्यक्षात आम्हाला एक मोठा फायदा झाला, तो म्हणजे ट्रायलच्या समन्वयक मॅडम. रक्ततपासणीची तारीख, स्कॅनची वेळ, ताप आला तर कोणाला फोन करायचा, हे सारे त्या सांगत असत आणि आम्ही फोन करायला विसरलो तर त्या करत असत. याला औषध म्हणता येणार नाही, पण गावाकडून ये-जा करणाऱ्या कुटुंबासाठी त्याचे मोल फार होते. बाबा सध्या मऊ भात आणि वरण खातात, तपासण्या चालू आहेत, आणि याहून अधिक मी लिहिणार नाही.

डॉ_वाटसरू

ओवी यांनी पोषणाचा मुद्दा मांडला हे फार बरे झाले, कारण आम्ही डॉक्टर मंडळी गाठीबद्दल तासभर बोलतो आणि नळीबद्दल दोन मिनिटे. मी कर्करोगाच्या उपचारांत काम करतो, परंतु येथे लिहितो ते सर्वसाधारण माहिती म्हणून, कोणाला दिलेला सल्ला म्हणून नव्हे.

एक गोष्ट धाग्यात यायला हवी. अन्ननलिकेचा कर्करोग हा एकच आजार नाही. आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आढळतो तो अन्ननलिकेच्या आतील अस्तराच्या चपट्या पेशींचा स्क्वॅमस प्रकार, ज्याचा तंबाखू, दारू आणि अतिशय गरम पेये यांच्याशी संबंध आहे. युरोप-अमेरिकेत अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला होणारा ॲडिनोकार्सिनोमा (ग्रंथींसारख्या पेशींचा कर्करोग) अधिक दिसतो आणि त्यामागे दीर्घकाळची आम्लपित्ताची जळजळ व लठ्ठपणा असतो. ट्रायलचे निष्कर्ष वाचताना रुग्ण कोणत्या प्रकारचे होते हे पाहिले नाही तर गोंधळ होतो. ‘क्रॉस’मध्ये दोन्ही प्रकारचे रुग्ण होते, आणि शस्त्रक्रियेत काढलेल्या भागात एकही जिवंत कर्कपेशी न सापडण्याचे प्रमाण स्क्वॅमसमध्ये ४९ टक्के, तर ॲडिनोकार्सिनोमामध्ये २३ टक्के होते. पुढे जर्मनीत ‘इसोपेक’ ही ट्रायल केवळ ॲडिनोकार्सिनोमाच्या ४३८ रुग्णांवर झाली, तिच्यात क्रॉस पद्धतीची तुलना ‘फ्लॉट’ या चार औषधांच्या केमोशी करण्यात आली, आणि मध्यक आयुर्मान फ्लॉट गटात ६६ महिने, तर क्रॉस गटात ३७ महिने आढळले. ही बातमी वाचून स्क्वॅमसचे रुग्ण ‘आम्हाला फ्लॉट का नाही?’ असे विचारत येतात; त्याचे उत्तर एवढेच की ती ट्रायल त्यांच्या आजाराची नव्हती.

दुसरा मुद्दा इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्कपेशींविरुद्ध जागे करणाऱ्या निवोलुमॅबसारख्या औषधांचा. आजार पसरलेल्या स्क्वॅमस रुग्णांमधील ‘चेकमेट ६४८’ या ट्रायलमध्ये, ज्यांच्या गाठीतील १ टक्का किंवा अधिक कर्कपेशींवर पीडी-एल१ हे प्रथिन होते त्यांना केमोसोबत निवोलुमॅब दिल्यावर मध्यक आयुर्मान १५.४ महिने, तर केवळ केमोवर ९.१ महिने होते. फरक खरा आहे, परंतु वर्तमानपत्रांत येणाऱ्या ‘चमत्कारिक औषध’ या वर्णनाशी तो ताडून पाहावा. तुकडा तपासताना हे प्रथिन, आणि ॲडिनोकार्सिनोमा असेल तर हर-टू नावाचे प्रथिन, हे दोन्ही तपासून घ्यायला सांगा. बऱ्याच ट्रायलची पात्रता त्यावर ठरते.

प्लासिबोबद्दल लोकांच्या मनात सर्वाधिक भीती असते, म्हणून एक उदाहरण देतो. ‘चेकमेट ५७७’ मध्ये केमो, शेक आणि शस्त्रक्रिया या तिन्हींनंतरही काढलेल्या भागात आजाराचे अवशेष सापडलेल्या ७९४ रुग्णांपैकी दोन तृतीयांशांना निवोलुमॅब आणि एक तृतीयांशांना प्लासिबो मिळाले. ही फसवणूक नव्हती, कारण त्या टप्प्यावर तोपर्यंतचा प्रचलित उपचार ‘काही न देता लक्ष ठेवणे’ हाच होता. आजार परत न येता गेलेला मध्यक काळ २२.४ महिने विरुद्ध ११ महिने निघाला आणि त्यावरून औषधाला मान्यता मिळाली. एकूण आयुर्मानातील फरक मात्र पुढे संख्याशास्त्राच्या कसोटीवर सिद्ध झाला नाही. एकाच ट्रायलमधून आशादायक आणि सावध करणारी अशी दोन्ही उत्तरे येतात ती अशी.

मध्यमवर्गीय

डॉक्टर, टाटा रुग्णालयात निवोलुमॅब या महागड्या औषधाची अगदी कमी मात्रा वापरून अभ्यास झाल्याचे वाचले होते. ते खरे आहे का, आणि अन्ननलिकेला लागू आहे का?

डॉ_वाटसरू

खरे आहे, परंतु तो अभ्यास डोके व मान यांच्या कर्करोगाचा होता. टाटा मेमोरियलमधील डॉक्टरांनी तोंडाने घ्यायच्या कमी मात्रेच्या औषधांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम निवोलुमॅब दिले. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते, यावरून अंदाज येईल. एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. त्याचे निष्कर्ष थेट अन्ननलिकेला लावता येत नाहीत. तरी माझ्या मते आपल्या देशासाठी सर्वांत मोलाच्या ट्रायल याच जातीच्या आहेत, कारण असा प्रश्न विचारण्यात औषध कंपनीला काडीचाही रस नसतो. तो सार्वजनिक संस्थेलाच विचारावा लागतो. शंकासूर यांनी ट्रायल म्हणजे कंपनीचाच खेळ असे गृहीत धरले आहे, त्यांनी याचाही विचार करावा.

शंकासूर

विचार करतो. अशी ट्रायल कंपनीची नसेल तर मग दुष्परिणामांचा खर्च कोण उचलते, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

कृष्णाकाठ

संस्था उचलते, आणि त्यासाठीची तरतूद किंवा विमा दाखवल्याशिवाय आमची समिती तरी मंजुरी देत नाही. माहितीपत्रकात ‘भरपाई’ या मथळ्याखाली कोणाचे नाव आहे ते वाचावे.

रेवती_क

एक भाबडा प्रश्न विचारते. सासऱ्यांना एका वैद्यांचा काढा चालू आहे आणि त्याने त्यांना बरे वाटते. ट्रायलमध्ये गेल्यास तो बंद करावा लागेल का? घरात कुणी डॉक्टरांना सांगायला तयार नाही.

डॉ_वाटसरू

प्रश्न भाबडा मुळीच नाही, रोजचा आहे. बहुतेक ट्रायलमध्ये अशी औषधे बंद करायला सांगतात, आणि त्यामागे आयुर्वेदाचा राग नसून दोन सरळ कारणे असतात. यकृताचे आकडे बिघडले तर ते ट्रायलच्या औषधाने की काढ्याने हे कळत नाही आणि रुग्णाचे औषध विनाकारण थांबवावे लागते. शिवाय काही वनस्पतींमुळे केमोची रक्तातील पातळी वर-खाली होऊ शकते. लपवू नका, बाटली किंवा पुडी घेऊनच जा. उलट, सासऱ्यांना काढ्याने नेमके कशात बरे वाटते, भूक लागते की शौचाला साफ होते, हे सांगितले तर त्यासाठी दुसरे काही देता येते.

पारिजात_एडिसन

मी न्यू जर्सीत राहते आणि येथील मराठी मंडळींच्या गटात वर्षाकाठी एकदा तरी हा प्रश्न येतोच: ‘आई-वडिलांना येथे आणून ट्रायलमध्ये घालता येईल का?’ तत्त्वतः अनेक ट्रायलना नागरिकत्वाची अट नसते, परंतु व्यवहार वेगळा आहे. प्रायोजक ट्रायलचे औषध आणि ट्रायलसाठीच्या जादा तपासण्या यांचा खर्च करतो, तर बाकीचा नेहमीचा खर्च, म्हणजे स्कॅन, रुग्णालयातील मुक्काम, प्रचलित केमो, हा विमा कंपनीकडून अपेक्षित असतो. येथील कायद्याने २०१४ पासून आरोग्य विमा योजनांना हा नेहमीचा खर्च नाकारता येत नाही, मात्र पर्यटक व्हिसावर आलेल्या पालकांसाठी काढलेला प्रवासी विमा त्या प्रकारचा नसतो आणि आधीपासून असलेला आजार त्यात सहसा वगळलेलाच असतो. त्यात आठवड्याला रुग्णालयात हजर राहायचे, घास गिळता येत नसताना वीस तासांचा प्रवास करायचा आणि भाषेची अडचण सोसायची. मला विचारतात त्यांना मी सांगते की टाटाच्या परळ किंवा खारघर येथील केंद्रात दुसरे मत घ्या आणि विमानाच्या तिकिटाचे पैसे तेथे राहण्या-जेवण्यावर खर्च करा. हे ऐकून काही जणांना माझा राग येतो, पण परदेशातील मुलांची अपराधी भावना आणि रुग्णाची सोय या वेगळ्या गोष्टी आहेत.

मध्यमवर्गीय

कृष्णाकाठ, ट्रायल शोधायची कोठे आणि पैशांचे नक्की काय, हे एकदा स्पष्ट लिहाल का? आमच्याकडे महात्मा फुले योजनेखाली केमो मंजूर झाली आहे. ट्रायलमध्ये गेल्यास ती मंजुरी जाईल, असे कोणीतरी सांगितले.

कृष्णाकाठ

भारतातील ट्रायलची सरकारी नोंदणी सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया) या संकेतस्थळावर होते. ती भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेकडून २००७ पासून चालवली जाते, २००९ पासून नोंदणी बंधनकारक झाली आहे आणि शोध घ्यायला पैसे किंवा खाते लागत नाही. शोधताना अन्ननलिकेचे इंग्रजी स्पेलिंग ‘ओ’ने सुरू होणारे आणि ‘ई’ने सुरू होणारे असे दोन्ही प्रकारे टाकून पाहावे, कारण एकाच स्पेलिंगने काही नोंदी सुटू शकतात. नोंद उघडल्यावर सर्वप्रथम भारतातील भरतीची स्थिती पाहावी. भरती बंद झालेल्या ट्रायलच्या मागे लागून लोक हकनाक आठवडे घालवतात. त्यानंतर कोणत्या गावातील कोणत्या रुग्णालयात ती चालू आहे, तेथील नीतिसमितीची मंजुरी आली आहे का, पैसा कोणाचा आहे, दोन्ही गटांना काय मिळणार आहे आणि निकष काय आहेत, हे सगळे त्याच पानावर इंग्रजीत असते. नोंदणी म्हणजे सरकारने दिलेले गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे, तेव्हा नोंद आहे म्हणून ट्रायल चांगली, असे समजू नये.

पैशांबद्दल सांगायचे तर ज्या औषधाची परीक्षा चालू आहे त्याचे आणि केवळ ट्रायलसाठी होणाऱ्या तपासण्यांचे पैसे रुग्णाकडून घेतले जाऊ नयेत, आणि ट्रायलमुळे वाढलेल्या फेऱ्यांचा प्रवासखर्च देण्याची पद्धत आहे. जे उपचार ट्रायल नसती तरीही द्यावेच लागले असते, त्यांचा खर्च मात्र काही ट्रायलमध्ये रुग्णावर किंवा त्याच्या योजनेवर असतो. तुमच्या मंजुरीचे काय होईल हे ट्रायलच्या रचनेवर आणि त्या रुग्णालयावर अवलंबून आहे. ट्रायलचे समन्वयक आणि योजनेचे आरोग्यमित्र या दोघांना एकाच टेबलापाशी बसवून विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. ट्रायल संपल्यानंतर औषधाचा उपयोग होत असेल तर पुढे ते मिळणार का, हेही त्याच बैठकीत विचारा. दुसरा पर्याय नसेल, संशोधक डॉक्टरने शिफारस केली असेल आणि नीतिसमितीने मान्यता दिली असेल, तर ते मोफत देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे, परंतु ती आपोआप लागू होत नाही.

ओवी

एक भर घालते, कारण यात आमचे बरेच दिवस गेले. तुकडा जेथे तपासला तेथून केवळ छापील अहवाल न घेता काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा, ज्याला प्रयोगशाळेत ब्लॉक म्हणतात, दोन्ही मागून घ्या. पीडी-एल१ची तपासणी त्या ब्लॉकवरच होते आणि तो नसेल तर पुन्हा दुर्बीण घालून नवा तुकडा काढावा लागतो. प्रयोगशाळा अर्ज आणि रुग्णाच्या ओळखपत्राची प्रत घेऊन ब्लॉक देते. उन्हाळ्यात तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळते. मोठ्या केंद्रात तो जमा करताना पावती घ्या आणि तिच्यावर ब्लॉकचा क्रमांक लिहून घ्या, म्हणजे पुढे दुसऱ्या ट्रायलसाठी हवा असल्यास परत मागता येतो.